जमिनीत जागा नाही

६ जानेवारी

ताई,

बाबा बरे आहेत. हे आधी लिहिते, नाहीतर पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तू घाबरशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

एक विचारायचं होतं. आपल्या लॉन्ड्रीच्या तळघरात पाणी येतंय. पाइप फुटलेला नाही, प्लंबर सगळं ठोकून पाहून गेला. छतातून नाही, भिंतीतून नाही. फरशीच्या सांध्यांतून वर येतंय. अगदी स्वच्छ आणि इतकं गार की हात घातला तर बोटं दुखतात. पाऊस चालू असताना आलं असतं तर मी तुला लिहिलंच नसतं. पण गेले काही दिवस बाहेर लख्ख ऊन आहे.

आधी नुसती ओल होती. बाबा म्हणाले, थंडीत फरशीला घाम येतो. मग साबणाच्या पोत्यांची बुडं भिजली. आता सकाळी तळघरातला दिवा लावला की खालच्या पायरीवर पाणी हलताना दिसतं. मोटर लावली की उतरतं, बंद केली की पुन्हा चढतं. कोणीतरी खालून बादल्या ओतत बसलंय असं वाटतं.

ओढा मात्र शहाण्यासारखा वाहतोय. पुलाच्या खांबावरच्या धोक्याच्या लाल रेघेच्या कितीतरी खाली. पुराचे इशारे देणाऱ्या ऑफिसात तुझ्या खुर्चीत आता जे नवे साहेब बसतात ते म्हणाले, काळजीचं कारण नाही. शेजारचा सायकलवाला म्हणाला, तळघरात मासे पाळा, मी गळ घेऊन येतो.

मी तुला लिहितेय हे बाबांना सांगितलेलं नाही. उत्तर पाठवलंस तर समोरच्या शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर पाठव. दुसऱ्यांची पत्रं त्या उघडत नाहीत, फक्त कोणाला कोणाचं आलं ते गल्लीभर सांगतात. या वेळी नाही सांगणार म्हणून मी त्यांच्याकडून शब्द घेतलाय.

मला भीती वाटतेय असं काही नाही. सहज विचारतेय.

धाकटी


१९ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पान भरून नुसते प्रश्न, 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही. तरी ते मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तर उत्तरं. मागच्या अंगणात चादरी वाळत घालतो तिथली जमीन फोफशी झाली आहे. चाललं की पचपच वाजते, आणि पाऊल उचललं की त्या खड्ड्यात पाणी भरतं. दोरीचा एक खांब आपला आपण कलला. पाऊस म्हणशील तर या हिवाळ्यात मोठा असा एकदाही पडला नाही, पण त्याने धड उसंतही घेतली नाही. मधे चार दिवस ऊन, की पुन्हा रिपरिप. पूर्वी या दिवसांत गावात बर्फ असायचा. यंदा गावात पाऊस, आणि बर्फ फक्त वर डोंगरावर. जमीन गोठलेलीच नाही. तू विचारलंस ते मोटरचं: ती आता दिवसभर चालू असते. रात्री बाबा बंद करतात, आवाजाने झोप येत नाही म्हणून.

साहेबांना तुझा प्रश्न विचारला: इशारा देताना तुम्ही नुसता पाऊस पाहता की जमिनीत किती पाणी आहे तेही पाहता? माणूस वाईट नाही. मला बसवून नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, आमचा नियम पावसाचा आहे. एवढा येणार असेल तर इशारा, त्याच्याखाली असेल तर नाही. आणि यंदाचा कुठलाच अंदाज त्या वेळच्या निम्म्यापर्यंतही गेला नाही."

'त्या वेळच्या' म्हटल्यावर त्यांची जीभ अडखळली. मी कोणाची बहीण हे त्यांना ठाऊक आहे. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि खरं सांगू? पुन्हा एकदा उगाच गल्ली रिकामी केली तर लोक मला दगड मारतील."

ताई, तो विषय मी काढणार नव्हते. पण साहेबांच्या दारातून बाहेर पडल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तीन वर्षांपूर्वी तू गल्ली रिकामी करायला लावलीस तेव्हा तुझा अंदाज चुकला नव्हता. तू म्हणालीस तेवढा पाऊस पडलाच की. मी स्वतः खिडकीतून पाहिला, पलीकडचं घर दिसत नव्हतं. आणि तरी ओढा लाल रेघेला शिवला नाही. ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट आईला आपण शाळेच्या हॉलमध्ये नेलं. तिथल्या गारठ्यात तिची छाती भरली आणि ती परत आली नाही. मग सगळ्यांसमोर बाबा तुला जे बोलले ते बोलले.

ते पाणी गेलं कुठे, हे तुला कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आता विचारते. गेलं कुठे?

धाकटी


३ फेब्रुवारी

ताई,

तू लिहिलंस, "जमिनीत गेलं. उन्हाळा कोरडा गेला होता, डोंगर आतून रिकामा झाला होता. येईल तेवढं तो पिऊन टाकेल हे मी धरलं नव्हतं. यंदा आत किती जागा उरली आहे ते वर जाऊन पाहा." मग मी गेले.

ओढा जिथून निघतो त्या पाणथळापर्यंत. बाबांना सांगितलं, हॉटेलच्या चादरींचे हिशेब करायला जाते. लाकूडवाल्याच्या ट्रकने अर्ध्यापर्यंत सोडलं, पुढे पायी. वाटेत जिथे कधी झरे नव्हते तिथे झरे लागले. एक तर रस्त्याच्या मधोमध फुटलाय, डांबर फुगवून. झाडं उभी आहेत, पण काहींची मुळं एका बाजूने उचलली गेली आहेत.

वर बर्फ होता. लहानपणी होता तसा नव्हे, जो पायाखाली करकरायचा. हा करडा, जड, भिजलेल्या कापसासारखा. मी काठी खुपसली. ती कुठेही न अडता आत गेली, आणि बाहेर काढल्यावर भोकातून पाणी वर आलं. मग मी श्वास रोखून उभी राहिले, कारण काहीतरी ऐकू येत होतं. सगळीकडे पांढरं, शांत, एक पक्षी नाही, आणि त्या सगळ्याच्या खाली पाणी वाहत होतं. माझ्या पायाखाली. इकडे, तिकडे, सगळीकडे. एखाद्या घरात आपण एकटे आहोत असं समजावं आणि पलीकडच्या खोलीत पुष्कळ माणसं कुजबुजताना ऐकू यावीत, तसं.

मी धावत खाली आले. धावण्यासारखं काही नव्हतं, तरी.

आता खरं लिहिते. मला भीती वाटते. झोपताना मी पाय जमिनीवर टेकवून पाहते, फरशी कोरडी आहे ना. आणि पहिल्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं तेही पूर्ण खरं नाही. डिसेंबरात ते तळघराच्या ओल्या पायरीवरून घसरले. गुडघा अजून वाकत नाही, काठी घेऊन चालतात, आणि तेही फक्त बॉयलरपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत. घाईने निघायची वेळ आली तर मी त्यांना कशी नेणार, ते मला सुचत नाही.

काल जेवताना विषय काढला. म्हटलं, "बाबा, थोडे दिवस वरच्या आळीत एखादी खोली घेऊन राहूया का?"

त्यांनी घास खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तळघर बघा ना."

"तळघराला मोटर आहे. एकदा माझं घर आकड्यांच्या भरवशावर उचललं गेलं. माझी बायको त्या हॉलमध्ये थंडीने कुडकुडत गेली. तुझ्या बहिणीला सांग, मी आता इथून हलणार नाही. मला हलवायचंच असेल तर मी मेल्यावर हलवा."

तुझ्या बहिणीला सांग, असं म्हणाले, ताई. म्हणजे त्यांना पत्रांचं कळलंय. शिंपीणकाकूंचा शब्द किती दिवस टिकणार, मला आधीच समजायला हवं होतं. पण एक गोष्ट बघ. सांगू नको, असं नाही म्हणाले.

धाकटी


१७ फेब्रुवारी, सकाळी

ताई,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. दुपारी तो तुझ्या गावात पोचतो आणि ऑफिसात आणून देईन म्हणालाय.

कालपासून वारा फिरलाय. उबदार आहे. लोक कोट काढून फिरताहेत, खूश आहेत. सायकलवाल्याने दुकानाचं दार सताड उघडं टाकलंय आणि शीळ घालतोय. उद्या पाऊस आहे. साहेबांना जाऊन विचारलं, म्हणाले, मध्यम. नियमाच्या खाली. "वर बर्फ आहे," मी म्हटलं, "आणि जमिनीत जागा नाही." त्यांनी नकाशावर ओढ्याच्या उगमापासून पुलापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी वर कळवतो." वर म्हणजे कुठे आणि वरून कधी काय येणार, देव जाणे.

तळघरात पाणी खालून चौथ्या पायरीवर आलं आहे. मोटर चालू असताना.

तू लॉन्ड्रीच्या फोनवर फोन कर. उद्या सकाळी. मी उचलणार नाही, बाबाच उचलतील. ते फोन आपटतील, तू पुन्हा कर. माझं ते ऐकत नाहीत. तुझं तर मुळीच ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. पण रागावतात ते तुझ्यावरच. माझ्यावर साधं रागवतसुद्धा नाहीत, नुसती मान हलवतात.

तू पुन्हा सांगायचं आणि पुन्हा काही झालं नाही तर काय, याचा विचार तू करत असशील. मीही करते. पण कर फोन.

धाकटी


४ मार्च

ताई,

त्या दिवशी तुझा फोन आला त्यानंतरचं तुला तुकड्या-तुकड्यांनी कळलंय. आता सलग लिहिते.

पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा बाबांनी आवाज ऐकला आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा ठेवला नाही. मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होते, हातातली उशीची खोळ जळत होती तरी मला भान नव्हतं. तू काय बोलत होतीस ते मला ऐकू येत नव्हतं. नुसते बाबा दिसत होते, पाठमोरे, कानाला फोन, दुसऱ्या हाताने काठी घट्ट धरलेली. मग म्हणाले, "म्हणजे त्या वेळी जमीन कोरडी होती."

तू काहीतरी म्हणालीस.

"आणि आता?"

पुन्हा तू.

"हं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग पिळून ठेवलेल्या ओल्या चादरींची गाडी होती ना, तिच्याजवळ गेले. वरच्या चादरीवर हात ठेवून उभे राहिले. चाळीस वर्षं ज्याने कापडं भिजवली आणि वाळवली त्या माणसाला ओलं आणि कोरडं यातला फरक दुसऱ्या कोणाकडून समजून घ्यावा लागला, याची लाज वाटली की काय, मला माहीत नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिंपिणीला सांग. तिने सांगितलं की गल्लीला सांगितल्यासारखंच आहे. मी बॉयलर विझवतो."

तोवर पाऊस सुरू झाला होता. साधा पाऊस, ताई. छत्री घेऊन बाजारात जावं असा.

बॉयलर विझवून ते रस्त्यावर आले आणि काठीने दारं ठोकायला लागले. लंगडत, एकेक दार. लोक बाहेर येऊन बघायचे आणि हसायचे. पावाच्या दुकानाची मालकीण म्हणाली, "अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात, पुन्हा कोणी हलवायला आलं तर तंगडी तोडीन."

"म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "तेव्हा जमीन तहानलेली होती. आता तिचं पोट तुडुंब आहे, जे पडेल ते सगळं इथे येणार. चला. माझ्यावर विश्वास नको ठेवू, तळघरात जाऊन बघ."

तिने बघितलं, आणि वर आली ती मुलांना हाका मारतच. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लोक घरात जाऊन बसले असते. पण जो माणूस तीन वर्षं इशाऱ्यांना शिव्या घालत होता तोच घर सोडून निघालाय, हे पाहून एकेक जण निघाला. साहेबही आले, पावसात भिजत. वरून काही आलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पूल बंद केला.

सायकलवाल्याच्या दारावर बाबांनी दोनदा ठोकलं. तो आतून म्हणाला, "येतो हो, या तेवढ्या सायकली माळ्यावर चढवतो आणि आलोच. तुम्ही व्हा पुढे, तुमच्या पायाने तुम्ही पोचेपर्यंत मी जेवून येईन." बाबांना हसू आलं. आम्ही पुढे झालो.

शाळेच्या चढावर होतो तेव्हा आवाज आला. मला वाटलं, ट्रक. मग कळलं, ओढ्याच्या तळाचे दगड एकमेकांवर आदळताहेत. मागे वळून पाहिलं तर पाणी दिसलंच नाही. पूल दिसला, आणि मग पूल नव्हता. तपकिरी रंगाचं काहीतरी आपल्या गल्लीत शिरलं. घाईने नव्हे, ओळखीच्या माणसासारखं, प्रत्येक दारात. आपल्या अंगणातल्या दोऱ्या एका क्षणात गेल्या. पाऊस अजूनही तसाच होता. माझे केससुद्धा धड भिजले नव्हते. मला सर्वांत भीती त्याचीच वाटली. आभाळाने जे दिलं त्याच्या कितीतरी पट जास्त ओढा आणत होता. सगळा हिवाळा आणत होता.

शाळेच्या हॉलच्या दाराशी बाबा थांबले. आईनंतर त्यांनी तिथे पाय ठेवला नव्हता. मी म्हटलं, "आपण व्हरांड्यात बसू." ते म्हणाले, "म्हाताऱ्यांना आत न्या आधी, व्हरांड्यात गारठा आहे." आणि स्वतः आत जाऊन सतरंज्या घालायला लागले, खिडक्या बंद करायला लागले. फटींमध्ये कोट कोंबले. प्रत्येक म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन पाय गरम आहेत का ते हात लावून बघत होते. मी बघू शकले नाही, बाहेर आले.

सायकलवाला तिसऱ्या दिवशी सापडला. पुलाच्या खूप खाली.

त्या दिवसापासून बाबा फारसं बोलत नाहीत. काल मी अंथरूण घालत होते तेव्हा म्हणाले, "मी दोनदाच ठोकलं. तो हसला म्हणून मी हसलो आणि निघालो. तिसऱ्यांदा ठोकायला हवं होतं."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे अख्खी गल्ली वाचली."

"गल्लीचं मला कोणी विचारणार नाही," ते म्हणाले. "मीही स्वतःला विचारणार नाही. विचारेन ते त्याचंच." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तीन वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती का ग?"

मी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं.

धाकटी


१२ ऑगस्ट

ताई,

तू येऊन गेलीस तेव्हा तू आणि बाबा पाइपांबद्दल आणि विम्याबद्दल बोलत बसलात. मला हसू येत होतं, पण आलात ना एका टेबलाशी.

इथलं सांगते. ओढा आटलाय. तू म्हणाली होतीस तसंच. जो बर्फ उन्हाळाभर थेंबथेंब वितळून जमिनीत मुरायचा, तो एका दुपारीच येऊन गेला. आता वर काही नाही आणि जमिनीतलंही उतरत चाललंय. पुलाच्या नव्या खांबाशी मुलं कोरड्या दगडांवर उभी राहतात. नळाला दिवसाआड पाणी. ज्या लॉन्ड्रीला पाण्याने बुडवलं तिला आता पाणी मिळत नाही. नव्या भाड्याच्या जागेत मी दोनच मशीन लावली आहेत आणि एक झाकून ठेवलं आहे.

भीती गेली असं समजू नकोस. उन्हाळ्यात कोरडी जमीन पाहून एक भीती वाटते, आणि पाऊस येईल म्हणाले की दुसरी. साहेबांच्या ऑफिसने पाणथळाजवळ आणि आपल्या जुन्या अंगणात जमिनीत नळ्या पुरल्यात, आत पाणी किती खोल आहे ते बघायला. बाबा रोज काठी टेकत तिथे जातात. त्यांना तिथे काही काम नाही. नळ्या वाचणाऱ्या मुलीला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. ती म्हणते, आजोबा, तुमची परीक्षा आहे का?

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. आठवडाभर लिहीत होते. मला वाचू दिली नाही, पण पाकीट मीच बंद केलं, तेव्हा वाचली.

धाकटी


थोरलीस,

गुडघा ठीक आहे. इकडे ऊन फार.

त्या हॉलमध्ये मी तुला जे बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. तूही विसरली नसशील, म्हणून पुन्हा लिहीत नाही. माझी चूक झाली एवढंच लिहितो. तुझ्या आईला थंडीने नेलं, आणि थंडीत तिच्या अंगावर पांघरूण नीट आहे का हे बघणं माझं काम होतं, तुझं नव्हे. मी त्या वेळी दाराशी उभा राहून तुला दोष देत होतो.

नळीवाली मुलगी म्हणते, जमिनीतलं पाणी आता पार खाली गेलं आहे, पहिला पाऊस जमीन पिऊन टाकेल. मी तिला विचारलं, आणि दुसरा? ती म्हणाली, बघावं लागेल. मला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं आहे असं वाटलं.

हिवाळा येईल. तेव्हा मी म्हातारा होऊन हट्ट करीन, धाकटीचं ऐकणार नाही, साहेबांना उलट बोलेन. त्या वेळी तू फोन कर. काही होणार की नाही हे तुला नक्की माहीत नसलं तरी कर. निघा म्हणालीस तर मी निघेन. आणि काही झालं नाही तर परत येऊन चादरी धुईन.

बाबा